काच धुणारी छोटी मोटर

चंद्रपूरहून मूल आणि सावलीवरून गडचिरोलीला जाणारा रस्ता ढोबळमानाने पूर्वेकडे जातो. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळच्या असतात. त्यामुळे या रस्त्याने मोटारीतून शाळेला जाणाऱ्या शिक्षकांच्या डोळ्यांसमोर उगवता सूर्य असतो. मोहफुलांचा हंगामही हाच. पहाटेपासून माणसे, कित्येकदा लेकरांना घेऊन, रस्त्याकडेच्या झाडांखाली फुले वेचत असतात.

अशा वेळी मोटारीच्या समोरच्या काचेवर धूळ असली तर काय होते? प्रत्येक धूलिकण त्यावर पडलेल्या प्रकाशाचे विकिरण करतो. सूर्य मागे असताना हे जाणवत नाही. तो समोर आला की सगळी काच दुधासारखी उजळते आणि पलीकडचे दिसेनासे होते. ताशी ६० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. दोन सेकंद दिसले नाही, तर गाडी जवळजवळ ३३ मीटर अंतर आंधळेपणाने कापते.

मग वायपर का फिरवू नये? वायपर ही जुनी युक्ती आहे. अमेरिकेतील मेरी अँडरसन यांना तिचे पेटंट १९०३ मध्ये मिळाले. पण कोरड्या काचेवर वायपर फिरवणे म्हणजे काच घासणे. खनिजांचे काठिण्य सांगणाऱ्या मोस श्रेणीत काचेचा क्रमांक साधारण साडेपाच, तर वाळूतल्या क्वार्ट्झचा सात. रस्त्याच्या धुळीत क्वार्ट्झ असतेच. शिवाय आपल्याकडे कोळसा, सिमेंट, औष्णिक वीजकेंद्राची राख आणि सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांची धूळ मिसळते. रबराखाली सापडलेला कठीण कण काचेवर ओरखडा काढतो, आणि ओरखडा धुऊन जात नाही. म्हणून आधी पाणी, मग वायपर. हे पाणी उडवणारी वॉशर मोटर बंद पडली, तर ती घरी कशी बदलावी हे आता पाहू.

मोटर काम कशी करते?

बॉनेटखाली किंवा पुढच्या चाकाच्या वर प्लॅस्टिकची पाण्याची टाकी असते. तिच्या तळाशी, रबरी बुचात अंगठ्याहून थोडा जाड पंप बसवलेला असतो. त्यात १२ व्होल्टची मोटर आणि पात्यांचे एक लहान चक्र असते. चक्र फिरले की पाणी बाहेरच्या बाजूला फेकले जाते आणि नळीतून काचेखालच्या बारीक तोंडांपर्यंत, म्हणजे नॉझलपर्यंत जाते. हा अपकेंद्री पंप.

पंप तळाशीच का? शेतातल्या विहिरीवरचा पंप आठवा. फूटव्हॉल्व्ह गळून पाइपमधले पाणी उतरले, की पंपात पुन्हा पाणी भरावे लागते. हवा पाण्यापेक्षा खूपच हलकी असल्याने ती फेकून चक्राला पुरेसे शोषण निर्माण करता येत नाही. टाकीच्या तळाशी बसवलेल्या पंपात पाणी आपोआप भरते, त्यामुळे ही अडचण येत नाही. पाणी या पंपाचे वंगणही आहे. टाकी रिकामी असताना कळ दाबत राहिले, तर आतले सील घासून पंप लवकर खराब होतो.

दोष नेमका कुठे?

पंप विकत आणण्यापूर्वी दोष शोधावा. पहिले साधन आपले कान. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवावी आणि वॉशरची कळ दाबावी.

घूं असा आवाज येतो पण पाणी येत नाही, तर मोटर फिरते आहे. टाकीत पाणी आहे का, नळी निसटली किंवा चिरली आहे का, नॉझल तुंबले आहे का, हे पाहावे. नॉझल बारीक सुईने मोकळे होते. नॉझलजवळची नळी काढून कळ दाबावी. तिथे पाणी जोरात आले तर दोष नॉझलचा. नाही आले तर नळी, गाळणी किंवा पंप तपासावा.

आवाजच येत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा. तो ठीक असेल, तर पंपाचा दोन तारांचा जोड काढून त्यात वीज येते का ते तपासावे. इथे मल्टिमीटरपेक्षा इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब अधिक भरवशाचा. समजा, जोड गंजून तिथला रोध १०० ओहम झाला आहे. मल्टिमीटर अगदीच थोडी विद्युतधारा घेतो, म्हणून तो १२ व्होल्ट दाखवील आणि आपण फसू. बल्बला मात्र सुमारे पावणेदोन अँपिअर धारा लागते. ती १०० ओहममधून जाणार नाही आणि बल्ब पेटणार नाही. सोबत्याने कळ दाबल्यावर बल्ब लख्ख पेटला, तर वीज व्यवस्थित येत आहे आणि दोष पंपाचा आहे. पेटला नाही, तर नवा पंप आणून उपयोग नाही. तारा, जोड किंवा कळ तपासावी.

बदलण्याची कृती

१) इंजिन थंड होऊ द्यावे. किल्ली काढून बॅटरीच्या ऋण टोकाची तार सोडावी.

२) टाकी चाकामागे असेल, तर चाक वळवून आतले प्लॅस्टिकचे आवरण क्लिपा काढून बाजूला करावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये.

३) टाकीतले पाणी नळीने काढावे. त्यात साबणी द्रव असतो, म्हणून तोंडाने ओढू नये. नळी पाण्याने भरून, टोक बोटाने दाबून टाकीपेक्षा खाली सोडली की सायफन सुरू होतो.

४) तारांच्या जोडाची खिटी दाबून तो ओढावा, तारांना धरून ओढू नये. पाण्याची नळी ताठरली असेल, तर गरम पाण्यात भिजवलेले फडके तिच्यावर धरावे.

५) पंप हलकेच फिरवत वर ओढावा. रबरी बूच काढून टाकीतला गाळ धुवावा. बूच कडक झाले असेल, तर तेही बदलावे.

६) नवे बूच पाण्याने ओले करून बसवावे. तेल किंवा ग्रीस लावू नये. त्याने रबर फुगते. पंप दाबून बसवावा, नळी व तारा जोडाव्यात.

७) आधी पाणी भरावे, गळती पाहावी, मगच बॅटरी जोडून कळ दाबावी.

नवा पंप जुन्याशी ताडून घ्यावा. मागच्या काचेलाही पाणी देणाऱ्या काही पंपांना दोन तोंडे असतात आणि मोटरच्या फिरण्याच्या दिशेनुसार पाणी पुढे किंवा मागे जाते.

पाणी कोणते घालावे?

बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन असते. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा नॉझलच्या तोंडाशी उरलेला थेंब लगेच सुकतो आणि क्षार मागे राहतात. पाणी उकळून, थंड करून, गाळून घेतले तर तात्पुरता दुष्फेनपणा जातो. साध्या साबणाचा दुष्फेन पाण्यात साका होतो; शाम्पूचे दोन-चार थेंब मात्र चालतात.

जुना पंप वर्गात न्यावा

काढलेला पंप फेकू नये. त्याचे आवरण कापले, की चुंबक, तारेची वेटोळी, दिक्परिवर्तक आणि ब्रश, म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या आकृतीतली विद्युत मोटर विद्यार्थ्यांच्या हातात येते. कोणता भाग झिजला किंवा गंजला, हे त्यांना शोधू द्यावे.

मोठ्या विद्यार्थ्यांना एक गणित घालता येईल. नॉझलपाशी दाब १,००,००० पास्कल धरला आणि पाण्याची घनता घनमीटरला १००० किलोग्रॅम घेतली, तर फवाऱ्याचा वेग किती? दाब = ½ × घनता × वेगाचा वर्ग. उत्तर येते सेकंदाला सुमारे १४ मीटर. म्हणजे ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीसमोरच्या वाऱ्याचा वेग फवाऱ्यापेक्षा जास्त असतो. त्यामुळे उभ्या गाडीत बरोबर बसणारा फवारा धावत्या गाडीत थोडा खाली पडतो. नॉझलची दिशा ठरवताना हे लक्षात ठेवावे, आणि मोहाचा हंगाम सुरू होण्याआधी एकदा कळ दाबून पाहावी.