शटर जड झालं? जोर लावू नका, आधी कारण शोधा

जळगाव/धुळे : शहरात ज्याला गाडीचं गॅरेज म्हणतात, ते आपल्याकडे ट्रॅक्टरचं शेड असतं, नाहीतर कापूस भरायची खोली. दार मात्र दोन्हीकडे एकच, लोखंडी रोलिंग शटर. चोपडा, पारोळा, शिंदखेडा, शिरपूर, कुठेही जा, रस्त्यालगतच्या घरांना हे शटर दिसतंच. बसवताना सगळे घासाघीस करतात, पण एकदा बसलं की त्याच्याकडे कोणी बघत नाही. मग ते जड होतं, दोघं मिळून उचलायला लागतात आणि एक दिवस हातातून सुटून खाली येतं. तेव्हा खाली कोणाचा पाय किंवा लेकरू असलं तर काय होईल, हे सांगायला नको.

वजन कोण उचलतं?

10 फूट रुंद आणि 8 फूट उंच शटर घ्या. पत्रा सव्वा मिलिमीटर जाडीचा असला तर नुसत्या सपाट पत्र्याचंच वजन 70 किलोच्या वर जातं. पट्ट्यांची वळणं आणि खालचा अँगल धरला तर ते क्विंटलच्या आसपास पोहोचतं. तरी बाई माणूस एका हाताने ते उघडते, कारण वजन स्प्रिंगा उचलतात. शटर खाली ओढलं की वरच्या पाईपावरच्या स्प्रिंगांना पीळ बसतो. उघडताना तोच पीळ उलगडतो आणि पत्रा वर खेचतो.

म्हणून शटर जड झालं की दोनच गोष्टी असतात. एकतर पट्ट्या कुठेतरी घासताहेत, नाहीतर स्प्रिंग थकली आहे. पहिलं काम घरी होतं, दुसरं मिस्तरीचं आहे.

घरच्या घरी तपासणी

शटर कमरेपर्यंत उचला आणि हात हळूहळू सैल करा. हात जवळच ठेवा, पाय बाहेर ठेवा, पोरांना लांब उभं करा. शटर जागेवर थांबलं किंवा थोडंसंच सरकलं तर स्प्रिंग ठीक आहे. दाणकन खाली यायला लागलं तर स्प्रिंग ढिली पडली. आपोआप जोरात वर गेलं तर पीळ जास्त भरलेला आहे. एक बाजू वर आणि एक खाली राहत असेल तर एका बाजूची स्प्रिंग तुटलेली असू शकते. असं शटर जोराने ओढलं की पट्ट्या वाकतात आणि खर्च वाढतो.

ग्रीसचा डबा बाजूला ठेवा

शटर घासतंय म्हटलं की बरेच जण बाजूच्या गाईडमध्ये ग्रीस नाहीतर ट्रॅक्टरचं जळालेलं ऑइल ओततात. दोन दिवस शटर पळतं. मग रस्त्याची धूळ आणि कापसाचे तंतू त्या चिकट तेलाला धरून बसतात, त्याचा लगदा होतो आणि शटर पहिल्यापेक्षा जड होतं. गाईड कोरडं आणि स्वच्छ हवं. ब्रशने माती काढा, जुनं ग्रीस डिझेलच्या फडक्याने पुसा, मग कोरड्या फडक्याने पुसून घ्या. ते डिझेलचं फडकं कापसाजवळ टाकू नका. वंगण लावायचंच असेल तर सिलिकॉनचा स्प्रे पातळ मारा. ग्रीसची जागा म्हणजे बेअरिंग आणि साखळीवर चालणाऱ्या मोठ्या शटरचे गिअर.

कुलपात तेल घालण्यापेक्षा पेन्सिलच्या शिसाची भुकटी चांगली. ती धूळ धरत नाही.

ऊन नाही, काळी माती

"उन्हाने शटर फुगलं, म्हणून अडकतं," असं उन्हाळ्यात हमखास ऐकू येतं. लोखंड तापल्यावर वाढतं हे खरं आहे. पण हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्याची दुपार यात पत्र्याच्या तापमानात 55 अंशांचा फरक धरला, तरी 10 फुटांचा पत्रा वाढतो जेमतेम 2 मिलिमीटर. गाईडमध्ये एवढी जागा असतेच.

खरं कारण बऱ्याचदा पायाखाली असतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ असला की भिंत हलते आणि तिच्याबरोबर गाईड तिरकं होतं. दोन्ही गाईडमधलं अंतर वर, मध्ये आणि खाली टेपने मोजा, ओळंबा लावून बघा. फरक दिसला तर कितीही तेल ओतलं तरी उपयोग नाही, गाईड सरळ करून घ्यावं लागेल. ट्रॉलीचा धक्का लागूनही गाईड वाकतं, तेही बघा.

इथे हात लावू नका

स्प्रिंगा आणि पाईपाचे नट-बोल्ट घरी खोलू नका. शटर बंद असताना स्प्रिंगेत सगळ्यात जास्त पीळ असतो, आणि पूर्ण वर असलं तरी थोडा राहतोच. बोल्ट सुटला की पाईप गरकन फिरतो आणि हात मोडतो. हे काम रोज करणाऱ्यालाच बोलवा.

दुसरा धोका करंटचा. वरच्या बॉक्सजवळून बल्बची वायर गेली असेल तर पट्ट्या घासून तिचं आवरण सोलतं, कधी उंदीर कुरतडतात. पावसाळ्यात ओल्या हाताने असं शटर धरलं तर जीव जाऊ शकतो. हाताला झिणझिण्या आल्या की मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. वायर पाईपमधून घ्या, अर्थिंग तपासा आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी बसवा.

तिसरा धोका वेल्डिंगचा. खोलीत कापूस असताना शटरला वेल्डिंग करू नका. एक ठिणगी तंतूत तासभर धुमसत राहते आणि नंतर पेटते. आधी खोली रिकामी करा, झाडून घ्या, पाण्याच्या बादल्या जवळ ठेवा.

कधी करायचं?

वर्षातून दोनदा पुरतं. आखाजीच्या सुमारास, पावसाआधी: खालच्या अँगलचा गंज घासा, रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट लावा. रंग पट्ट्यांच्या सांध्यात जाड बसू देऊ नका आणि पूर्ण वाळेपर्यंत शटर गुंडाळू नका. उंबऱ्याशी पाणी साचत असेल तर उतार काढा. दुसऱ्यांदा दसऱ्याच्या आधी, कापूस घरात येण्यापूर्वी: गाईड साफ करा, कुलूप बघा आणि कमरेपर्यंत उचलून तपासणी करा. बॉक्समध्ये चिमणीचं घरटं किंवा गांधीलमाशीचं पोळं असतं, म्हणून आधी बॅटरी मारून बघा, मगच हात घाला.

मिस्तरीला फोन करताना नुसतं "शटर बिघडलं" म्हणू नका. रुंदी-उंची, कोणती बाजू खाली राहते आणि शटर अचानक जड झालं की हळूहळू, एवढं सांगा. अचानक झालं असेल तर बहुतेक स्प्रिंग तुटलेली असते. मग तो योग्य मापाची स्प्रिंग घेऊनच येईल आणि तुमची दुसरी चक्कर वाचेल.