यंत्राचे ‘शून्य’ कुठे आहे?

ठाण्याची वागळे इस्टेट तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी इथेच झाली. पुढे डोंबिवलीतही औद्योगिक वसाहत उभी राहिली. कारखान्यांत संगणकाच्या आज्ञेबरहुकूम धातू कापणारी सीएनसी यंत्रे असतात. त्यांचे धाकटे भावंड आता टेबलावर मावते. हौशी मंडळी ते घरीच जुळवतात आणि त्यावर लाकडी पाट्या कोरतात. चालू केल्यावर या यंत्राचा हत्यार धरणारा भाग आधी एका कोपऱ्यात जातो, थबकतो आणि मगच कामाला लागतो. हे कशासाठी?

मोजणी कुठून?

या यंत्रातील स्टेपर मोटर एकेक पाऊल टाकत फिरते. एक पाऊल १.८ अंशांचे, म्हणजे एका फेरीत २०० पावले. एका फेरीत पट्टा ४० मिलिमीटर सरकत असेल, तर एका पावलाला ०.२ मिलिमीटर अंतर कापले जाते. यंत्र फक्त पावले मोजते. आपण कुठे आहोत हे त्याला दिसत नाही.

गर्दीच्या धीम्या लोकलमध्ये मधोमध अडकलेल्या प्रवाशाची कल्पना करा. बाहेरचे काही दिसत नाही. तो फक्त थांबे मोजतो आहे. ठाण्यानंतरचा पाचवा थांबा डोंबिवली. पण कळव्यानंतर मोजायला सुरुवात केली, तर पाचवा थांबा ठाकुर्ली! मोजणी अचूक, पण आरंभ चुकला. म्हणून यंत्राला आधी आपले ‘शून्य’ शोधावे लागते. यालाच होमिंग म्हणतात.

स्पर्शाने ओळख

जुनी रीत म्हणजे लिमिट स्विच. सरकता भाग टोकाजवळ येऊन एका छोट्या कळीला टेकतो आणि मोटर थांबते. मग तो थोडा मागे येतो आणि पुन्हा, पण अगदी सावकाश, कळीला टेकतो. या दुसऱ्या स्पर्शामुळे शून्य साधारणतः मिलिमीटरच्या काही शतांशांत अचूक मिळते.

कळीचे दोषही आहेत. लाकडाचा भुसा तिच्यात अडकतो. कोरणाऱ्या मोटरच्या विद्युत् खडखडाटाने तारांत खोटा संदेश उमटतो. तार तुटण्याचेही भय असते. म्हणून जाणकार कळ अशी जोडतात की एरवी मंडल पूर्ण असते आणि कळ दाबल्यावर ते तुटते. मग तार तुटली तरी यंत्राला ‘थांबा’ असाच संदेश मिळतो.

दमछाकीवरून ओळख

दुसऱ्या रीतीत कळच नाही. मोटर फिरते तेव्हा तिच्यातील चुंबकामुळे तिच्याच वेटोळ्यांत दाब निर्माण होतो. १८३१ साली फॅरेडेने शोधलेले विद्युत्-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. लेंझच्या नियमानुसार हा दाब मूळ बदलाला विरोध करतो. सरकता भाग टोकाला आपटला की मोटर अडते, चुंबक मागे पडतो आणि या विरोधी दाबाचे स्वरूप पालटते. मोटरला प्रवाह पुरवणारी चिप हा बदल ओळखते. ना कळ, ना जादा तारा!

मात्र हा दाब वेगाच्या प्रमाणात असतो. गती फार मंद असेल, तर तो इतका क्षीण होतो की त्यावर विसंबता येत नाही. त्यामुळे कळीला जमणारा सावकाश स्पर्श या रीतीला जमत नाही; तिला वेगानेच आपटावे लागते.

आणखी एक गोष्ट. मोटरमधील चुंबकीय रचना दर चार पावलांनी पुन्हा तशीच येते. अडलेला चुंबक म्हणूनच चार पावलांपर्यंत मागे उसळू शकतो. आपल्या पट्ट्याच्या यंत्रात हे अंतर ४ × ०.२ = ०.८ मिलिमीटर होते.

मग निवड कशाची?

समजा, दारावरची पाटी कोरताना अर्ध्यावर वीज गेली. ती परत आल्यावर यंत्र पुन्हा शून्य शोधून उरलेले काम करणार. शून्य ०.८ मिलिमीटर सरकले, तर शिरोरेषाच तुटेल आणि पाटी वाया जाईल! इथे कळच हवी. शिवाय काम चालू असताना हद्दीवर पहाराही तीच देते. कळ नसलेल्या यंत्राला लाकडातील कठीण गाठ आणि यंत्राचे टोक यांत गल्लत होऊ शकते. मात्र कागदावर पेनने चित्र काढणाऱ्या हलक्या यंत्राचे दरवेळी नवे चित्र सुरू होते. तिथे कळीवाचून अडत नाही.

करून पाहा

जुन्या प्रिंटरमधून काढलेली स्टेपर मोटर घ्या. ती कशालाही जोडलेली नसावी. तिच्या एका वेटोळ्याच्या दोन तारांना छोटा एलईडी जोडा आणि दांडा बोटांनी झटकन फिरवा. दिवा लुकलुकेल. सावकाश फिरवा, दिवा लागणार नाही. आता एलईडी काढून त्याच दोन तारा एकमेकींना जोडा आणि दांडा फिरवा. तो पूर्वीपेक्षा जड का लागतो, याचे उत्तर लेंझच्या नियमात शोधा.