नऊ पाठांची संध्याकाळ

डिसेंबरचा पहिला आठवडा उलटला, की आमच्या मिशन शाळेच्या व्हरांड्यातील फळ्यावर नऊ नावांची यादी लागत असे. नाताळच्या सुट्टीपूर्वी शाळेच्या चर्चमध्ये जी गीतोपासना होई, तीत बायबलातील नऊ पाठ कोणी वाचावयाचे, याचा तो हुकूमनामाच असे. इतर सर्व समारंभांत मुख्याध्यापकांपासून आरंभ होऊन धाकट्यांची पाळी आलीच तर अखेरीस येई. या यादीत मात्र पहिले नाव सर्वांत खालच्या वर्गातील मुलाचे आणि मुख्याध्यापकांचे नाव तळाशी, नववे, असा उलटा शिरस्ता होता. एके वर्षी ते पहिले नाव माझे निघाले.

हा शिरस्ता कोठून आला, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल प्रांतात ट्रुरो हे गाव आहे. १८८० साली तेथे नव्या कॅथीड्रलचे बांधकाम चालू असल्यामुळे उपासना एका तात्पुरत्या लाकडी इमारतीत होत. त्या इमारतीत २४ डिसेंबरच्या रात्री १० वाजता तेथील बिशप एडवर्ड व्हाइट बेन्सन, जे पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले, यांनी नऊ पाठ आणि त्यांच्या मधून मधून गीते अशी उपासना प्रथम योजली, आणि पाठ वाचण्याचा मान गायकवृंदातील बालकापासून पायरीपायरीने चढवीत स्वतःपर्यंत आणला. ज्या कथेत जगाचा तारक गोठ्यातील गव्हाणीत निजलेला आहे, तिच्या कथनात धाकट्याने आरंभ करावा आणि अधिकाऱ्याने आपली पाळी येईपर्यंत मुकाट्याने ऐकत बसावे, ही योजना मला आजही अत्यंत समर्पक वाटते.

तिला जगभर नेले ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने. पहिले महायुद्ध संपून दीड महिनाही लोटला नव्हता. रणभूमीवर सैन्याचे धर्मगुरू म्हणून राहून आलेले एरिक मिल्नर-व्हाइट नुकतेच तेथे डीन झाले होते. लोकांची मने इतकी शिणलेली असताना नेहमीच्या ठरीव प्रार्थना त्यांच्या अंतःकरणापर्यंत पोहोचणार नाहीत हे ओळखून त्यांनी १९१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस बेन्सन यांचा क्रम आपल्या चॅपेलमध्ये आणला, आणि आरंभीच्या प्रार्थनेत, जे दुसऱ्या तीरावर गेले व अधिक प्रकाशात आनंद करीत आहेत त्यांचे स्मरण गुंफले. त्या वर्षी त्या बाकांवर बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरचा कोणी ना कोणी त्या तीरावर गेला असेल, हे सांगावयास नको. १९२८ पासून ही उपासना आकाशवाणीवरून ऐकू येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात चॅपेलच्या खिडक्यांतील प्राचीन रंगीत काचा सुरक्षिततेसाठी काढून ठेवल्या होत्या, आत ऊब नव्हती, स्थळाचे नावसुद्धा सांगण्याची मुभा नव्हती. तरी गायन तहकूब झाले नाही.

तेथे १९१९ पासून आरंभ एकाच गीताने होतो. आयर्लंडमधील सेसिल फ्रान्सिस अलेक्झांडर या बाईंनी मुलांना धर्मश्रद्धेची कलमे समजावीत म्हणून जी गीते रचून १८४८ साली छापली, त्यांतील हे एक. दुसऱ्या वर्षी हेन्री गाँटलेट यांनी त्यास चाल दिली. त्याचे पहिले कडवे कोणत्याही वाद्याच्या साथीवाचून एकच बालक गाते. १९८२ ते २०१९ इतका दीर्घ काळ तेथील गायकवृंद सांभाळणारे स्टीफन क्लिओबरी तयारी अनेक मुलांकडून करून घेत, पण कोणी गावयाचे हे गायनास तोंड लागण्याच्या क्षणी बोटाने दाखवीत; भीतीने रात्रभर झोप उडावी असा अवधीच ते मुलाला देत नसत. मुलांच्या मनाची एवढी काळजी वाहणारा शिक्षक मोठाच म्हटला पाहिजे.

आमच्याकडे असा थाट कोठून असणार? एक पायपेटी, चाळीसेक मुले आणि हाताने लिहून काढलेले कागद. कागदांवर सुरांची पाश्चात्त्य चिन्हे नसत, रोमन अक्षरे असत. ही जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात प्रसृत केलेली 'टॉनिक सोल्फा' पद्धती. तिचा 'डो' आपल्या षड्जाप्रमाणे हवा तेथे धरता येतो, त्यामुळे सरगम ठाऊक असलेल्या मुलाला ती परकी वाटत नाही. कठीण होते ते निराळेच. मी भजनात वाढलेला. तेथे ज्याचा गळा खुला त्याने टीप उंच न्यावी आणि इतरांनी मागे यावे, अशी वहिवाट. येथे मला दुसऱ्या आवाजाच्या रांगेत उभे केले. पहिल्या रांगेची चाल कानावर आदळत असताना तिच्याखालची आपली निराळी, दिसायला नीरस ओळ न सोडता धरून ठेवायची, हे त्या वयात असह्य होई, आणि मी नकळत आवाज चढवून वरच्या चालीत शिरत असे. पायपेटी वाजवणाऱ्या बाई न रागावता जवळ येत, कागदावर श्वास घेण्याच्या जागी पेन्सिलीने बारीक स्वल्पविराम काढून देत आणि म्हणत, "शेजारच्याचा आवाज ऐकू येईनासा झाला, की आपला फार झाला असं समजावं, बाळ." पंधरा दिवसांच्या तालमीनंतर एका सायंकाळी दोन्ही ओळी एकमेकींवर नेमक्या बसल्या आणि चर्चच्या लाकडी आढ्यातून, आमच्यापैकी कोणीच गात नसलेला असा एक तिसराच नाद उतरल्यासारखा वाटला. सगळी मुले एकमेकांकडे पाहू लागली.

घरी मात्र मला धाकधूक होती. आम्ही ख्रिस्ती नव्हतो, आणि माझी आजी सोवळ्याओवळ्याची. तिने सारे ऐकून घेतले, आणि विचारले, "जन्माचीच कथा ना? मग पाळणाच आहे की तो. म्हण." रामनवमीला भर दुपारी १२ वाजता कीर्तनकारांच्या मागून पाळणा म्हणणाऱ्या बाईला यापेक्षा अधिक खुलासा नको होता. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला अभंगांत आणि कीर्तनात आणले, तेव्हा मराठी मनाच्या याच कप्प्याला त्यांनी हात घातला होता. आमच्या उपासनेतही इंग्रजी गीतांच्या जोडीला त्यांची भजने असत, आणि तेव्हा पायपेटीच्या साथीला मृदंग येई.

त्या संध्याकाळी मला एका खोक्यावर उभे केले, कारण वाचनपीठ माझ्या कपाळाच्या वर होते. पाठ उत्पत्तीच्या पुस्तकातला: फळ खाऊन झाडांआड दडलेल्या आदामाला देव हाक मारतो, तो. माझ्या हातातील मेणबत्तीला खाली पुठ्ठ्याची चकती होती, तरी एक थेंब अंगठ्यावर ओघळला. तो चटका सोसत मी वाचीत राहिलो. समोर पहिल्या बाकावर मुख्याध्यापक मान किंचित कलती करून ऐकत होते आणि सर्वांत मागच्या बाकावर, कोणी पाहू नये अशा बेताने, नऊवारीचा पदर सावरीत आजी बसली होती. पाठ संपवून रांगेत परतलो, तेव्हा शेजारच्या मुलाने काही न बोलता आपला कागद माझ्यापुढे सरकवून आमची ओळ जेथून सुरू होणार होती त्या स्वल्पविरामावर बोट ठेवले, आणि आम्ही दोघांनी श्वास घेतला.