पाच रकान्यांत मावणारे मत

छत्रपती संभाजीनगरातल्या हर्सूलच्या लोकांचे पाण्याबद्दलचे मत मोजायचे आहे असे समजा. हर्सूल तलावातून जुन्या शहरातल्या काही वस्त्यांना पाणी जाते, बाकीचे शहर मुख्यतः पैठणच्या जायकवाडी धरणावर अवलंबून असते आणि नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणे इथे वर्षानुवर्षे चालत आले आहे. अशा विषयावर प्रश्न तयार करताना खूप विचार होतो. उत्तरांसाठी मात्र ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ असे पाच रकाने आखले की काम संपले, असे मानले जाते. मोजमाप बिघडते ते बहुधा याच रकान्यांत.

गैरसमज : पाच पर्याय दिले की ती लिकर्ट श्रेणी. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेली पद्धत याहून बरीच जास्त काही मागते. एकाच अभिवृत्तीला वेगवेगळ्या बाजूंनी भिडणारी अनेक विधाने घ्यायची, प्रत्येक उत्तराला गुण द्यायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेशी मेळ न खाणारे विधान काढून टाकायचे. त्यांच्याआधी लुई थर्स्टन परीक्षकांकडून विधानांचे ११ गठ्ठे लावून घेत. लिकर्ट यांनी तो खटाटोप वाचवला. ‘हर्सूल तलावाचे पाणी स्वच्छ आणि पुरेसे आहे’ या एकट्या विधानापुढे पाच रकाने छापले, तर ती लिकर्ट श्रेणी होत नाही. शिवाय पाणी स्वच्छ आहे पण पुरत नाही, अशा घराने खूण कुठे करायची?

गैरसमज : सहमत-असहमत ही सर्वांत तटस्थ भाषा. प्रश्नावली घेऊन दारात आलेल्या शिकल्यासवरलेल्या मुलाला किंवा मुलीला ‘नाही’ म्हणणे माणसांना जड जाते. ‘पाणीपुरवठा भरवशाचा आहे, सहमत आहात का, मावशी?’ असे विचारले, की ‘हो बाबा, आहे की’ हे उत्तर पुष्कळदा सौजन्यातून येते. विधानाला होकार देण्याची ही ओढ जगभर आढळली आहे. त्यावर उपाय म्हणून अर्धी विधाने उलटी लिहितात; पण ‘पाणी वेळेवर येत नाही’ याच्याशी ‘असहमत’ व्हायचे म्हणजे दोन नकार सोडवणे आले, आणि उभ्या उभ्या उत्तर देणारा तिथे चुकतो. त्यापेक्षा थेट विचारावे : ठरलेल्या दिवशी पाणी किती वेळा येते? नेहमी, बहुतेक वेळा, कधी कधी, क्वचित, कधीच नाही.

गैरसमज : पर्यायांची क्रमवारी आपोआप समजते. याचे उदाहरण आपल्या महाविद्यालयांतच आहे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात ० ते ४ अशी श्रेणी असते आणि प्रत्येक अंकाला शब्द दिलेला असतो. ही पद्धत चांगली आहे, कारण शब्द नसलेल्या अंकाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या मनाने लावतो. पण शिक्षकांना विषय कितपत पोहोचवता येतो, या प्रश्नाचे पर्याय पाहा. ४ म्हणजे नेहमी परिणामकारक, ३ म्हणजे कधी कधी परिणामकारक, २ म्हणजे जेमतेम समाधानकारक. वरच्या दोन पायऱ्या वारंवारता मोजतात, तिसरी दर्जा मोजते. रोज जेमतेम शिकवणारा शिक्षक आणि अधूनमधून उत्तम शिकवणारा शिक्षक यांतला वरचा कोण, हे श्रेणीनेच परस्पर ठरवून टाकले. अभ्यासक्रम किती शिकवला, या प्रश्नात ८५ ते १०० टक्क्यांना ४, ७० ते ८४ ला ३, ५५ ते ६९ ला २. पण १ साठी ३० ते ५४ आणि ० साठी ३० च्या खालचे सगळे. पायऱ्यांची उंची खाली वाढत गेली आहे. ज्या उत्तरांचा संस्थेच्या मूल्यांकनाशी संबंध येतो, त्यांच्या पायऱ्यांवर याहून जास्त मेहनत घ्यायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

गैरसमज : अंक कुठलेही चालतात. नॉर्बर्ट श्वार्झ आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये जर्मनीतले एक सर्वेक्षण प्रसिद्ध केले. आयुष्यात तुम्ही किती यशस्वी झालात, हा प्रश्न एकच; टोकांचे शब्दही तेच. काहींना ० ते १० असे अंक दिले, काहींना उणे ५ ते अधिक ५. पहिल्या गटात ३४ टक्के लोकांनी ० ते ५ यांतला अंक निवडला. दुसऱ्या गटात त्याच खालच्या अर्ध्या भागात, म्हणजे उणे ५ ते ० मध्ये, फक्त १३ टक्के आले. ० म्हणजे यश नसणे. उणे ५ म्हणजे अपयश. अंकांनी प्रश्नाचा अर्थच बदलला.

पायऱ्या जितक्या जास्त तितकी अचूकता जास्त, हेही खरे नाही. साधारण ५ ते ७ पायऱ्यांपलीकडे विश्वसनीयतेत फारशी भर पडत नाही. दारावर तोंडी विचारताना तर दहा पायऱ्या कुणाच्या लक्षात राहत नाहीत आणि शेवटी ऐकलेला पर्याय उचलला जातो. लिहिता-वाचता न येणाऱ्या आजींना दोन टप्प्यांत विचारावे : समाधानी आहात की नाही? मग, खूप की थोडे?

गैरसमज : मधला रकाना पळवाट आहे, तो काढून टाकावा. काही लोकांचे मत खरोखरच मध्यावर असते. त्यांना ढकलले तर ते कुठल्या तरी बाजूला पडतील आणि ते मत म्हणून मोजले जाईल. खरी अडचण वेगळी आहे : ज्याच्या घरी बोअरचे पाणी आहे, तोही ‘तटस्थ’वर खूण करतो. त्याच्यासाठी ‘माहीत नाही’ किंवा ‘लागू नाही’ हा रकाना बाजूला, श्रेणीच्या बाहेर द्यावा आणि सरासरीत धरू नये.

सरासरीही अशीच फसवते. एका वस्तीत निम्म्या घरांनी १ आणि निम्म्यांनी ५ दिले तरी सरासरी ३. दुसऱ्या वस्तीत सगळ्यांनी ३ दिले तरी ३. पहिल्या वस्तीत दोन जलवाहिन्यांचा फरक असू शकतो, दुसऱ्या वस्तीत सगळ्यांची सारखीच ओढाताण. म्हणून अहवालात प्रत्येक रकान्यातली टक्केवारी छापावी. आणि प्रश्नावली छापण्यापूर्वी ती हर्सूलमधल्याच आठ-दहा घरांत नेऊन प्रत्येकाला विचारावे, की ही खूण इथेच का केलीत, शेजारच्या रकान्यात का नाही.