आजाऱ्याच्या गाऱ्हाण्यातून घडणारी विद्या

दहावीचा निकाल लागला की आमच्या वसतिगृहात दोनच शब्द ऐकू येतात : डॉक्टर आणि इंजिनिअर. पहिला शब्द उच्चारणारा विद्यार्थी बहुधा अकरावीला गणित सोडतो, दुसरा जीवशास्त्र सोडतो. या दोन विद्यांच्या सांध्यावर उभी असलेली जैववैद्यकीय अभियांत्रिकी त्यांच्या नजरेसही पडत नाही. तिचा परिचय करून द्यावा, म्हणून स्मरणिकेतील ही जागा आम्ही मागून घेतली.

या शास्त्राचे एक उपकरण आपल्या सर्वांच्या ओळखीचे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत घरोघरी प्राणवायूचे प्रमाण मोजले गेले, ते ज्या चिमट्यात बोट धरून, तो ऑक्सिमीटर. त्याच्या एका बाजूने तांबडा आणि अवरक्त असे दोन प्रकाश बोटातून जातात व दुसऱ्या बाजूस टिपले जातात. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते, अवरक्त अधिक. प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनचे नेमके उलट. नाडीच्या ठोक्यासरशी जेवढा प्रकाश कमीजास्त होतो तेवढाच हिशेबात धरला, की कातडी, हाड, नख यांचा वाटा वजा होऊन धमनीतील रक्ताचा तेवढा उरतो. ही युक्ती ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ साली मांडली. ते डॉक्टर नव्हते.

पण कातडीचा वाटा खरोखर पूर्णपणे वजा होतो काय? डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दाखवून दिले, की रक्तातील प्राणवायू धोकादायकरीत्या घटलेला असूनही यंत्र तो पुरेसा दाखवते, हा प्रकार कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळजवळ तिप्पट वेळा घडतो. यंत्राच्या मनात वर्णभेद नसतो. त्याची पारख कोणाच्या बोटांवर झाली, हा प्रश्न मात्र उरतोच. भीमाकाठी दिवसभर उन्हात ऊस तोडणाऱ्या माणसाच्या बोटावर ते किती खरे बोलते? हा प्रश्न ज्याला आपल्या घरातला वाटेल, असे कोणी प्रयोगशाळेत बसलेले असावे लागते. आमची मुले तेथे हवीत, असे आम्ही म्हणतो ते याकरिता.

ही विचारपद्धती आपल्याला परकी नाही. विनयपिटकाच्या महावग्गात पिलिंदवच्छ या भिक्खूच्या डोकेदुखीची हकिगत आहे. डोक्यास तेल लावून गुण येईना, तेव्हा तथागतांनी नाकात औषध घालण्याची अनुज्ञा दिली. औषध ओघळू लागले, म्हणून नस्यासाठी नळी आली. दोन्ही नाकपुड्यांत ते सारखे पडेना, म्हणून जोडनळी आली. त्यानेही भागेना, तेव्हा औषधी धूर घेण्यास परवानगी मिळाली. पेटत्या वातीने घसा भाजू लागला, म्हणून धूम्रनलिका आली. तिच्यात किडे शिरू लागले, म्हणून झाकण आले. मध्येच काही भिक्खूंनी सोन्यारुप्याच्या नळ्या वापरल्या, तर त्या मना करून हाड, शिंग, वेळू, लाकूड असे साधे पदार्थ सांगितले गेले. वापरणाऱ्याचे गाऱ्हाणे ऐकावे, उपकरण सुधारावे, पुन्हा ऐकावे आणि ते परवडेल असे ठेवावे, हा क्रम आजच्या संशोधकालाही चुकलेला नाही. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी असल्यामुळे हा उतारा आम्हांस विशेष प्रिय आहे, हे उघडच आहे.

विद्यापीठात हा क्रम कसा चालतो, याचा महाराष्ट्रातील चांगला नमुना म्हणजे मुंबईच्या आयआयटीतील ‘बेटिक’ हे केंद्र. प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने, राज्य शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने ते २०१४ साली उभे राहिले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतही त्याच्या शाखा निघाल्या. तेथे डॉक्टर अडचण सांगतात, आणि यंत्र, इलेक्ट्रॉनिक्स व आरेखन जाणणारे तरुण त्यावर नमुना घडवितात. छातीतले आवाज मोठे करून साठवून ठेवणारा डिजिटल स्टेथोस्कोप याच वाटेने आला. नमुना चालला म्हणजे काम संपले असे नव्हे. तो शरीरास अपाय करीत नाही हे तपासावे लागते, आणि माणसांवर चाचणी करायची तर नीतिसमितीची मान्यता व रुग्णाची समजून-उमजून दिलेली संमती लागते. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी ही चौकट अधिक काटेकोर केली. कित्येक वर्षे जातात. धीर नसणाऱ्याने या वाटेला जाऊ नये.

वाटा एकाहून अधिक आहेत. मुंबई विद्यापीठाच्या काही संलग्न महाविद्यालयांत या विषयाची चार वर्षांची पदवी आहे. यंत्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स शाखेचा पदवीधर ‘गेट’ परीक्षेद्वारे एम.टेक.ला येऊ शकतो. मुंबई आयआयटीच्या एम.टेक. वर्गात एमबीबीएस झालेल्यांनाही प्रवेश असतो, म्हणजे डॉक्टर आणि इंजिनिअर तेथे एकाच बाकावर बसतात! पुढे पीएच.डी.साठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना पुण्याच्या ‘बार्टी’ची अधिछात्रवृत्ती आहे, आणि परदेशी विद्यापीठासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शासनाची शिष्यवृत्ती. १९२० साली लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यास बाबासाहेब निघाले, तेव्हा त्यांना साहाय्य करणारे शाहू महाराजच होते.

या साऱ्या वाटांचे फाटक मात्र अकरावीच्या प्रवेश अर्जावर आहे. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांबरोबर गणित व जीवशास्त्र हे दोन्ही विषय घेता येतात. अभ्यास वाढतो, हे खरे. तरी अर्ज भरण्यापूर्वी पालकांनी मुलामुलींसह शाळेत येऊन आमच्याशी एकदा बोलावे; जूनमध्ये आम्ही शाळेतच असतो.