भोवती लोखंड, तरी पानं पिवळी

कोकणातल्या सड्यांच्या उतारावर, जांभ्याच्या भेगांत एक कमरेएवढं झुडूप बारमाही हिरवंगार असतं. फांद्यांच्या शेंड्यांना शेंदरी-लाल फुलांचे भरगच्च गुच्छ. कुणी त्याला पेंडगूळ म्हणतं, कुणी बकोरा. नर्सरीवाल्यांचा हा इक्झोरा. मूळचं हे दक्षिण भारत आणि श्रीलंकेचं. लिनियसनं १७५३ साली त्याला ‘इक्झोरा कॉक्सिनिया’ असं शास्त्रीय नाव दिलं.

ओळखायचं तर फुलं बाजूला ठेवा, पानांकडे बघा. चिवट, चकचकीत पानं समोरासमोर जोडीनं येतात. देठ जवळजवळ नसतोच, बुडाशी पान खोडाला बिलगलेलं. जोडीतल्या दोन पानांच्या मधोमध, खोडालाच चिकटलेलं छोटं टोकदार उपपर्ण दिसेल. ही कॉफीच्या कुळाची खूण. फळातही तेच नातं: पिकलेल्या गोडसर फळात साधारण दोन बिया, कॉफीसारख्याच एका अंगानं चपट्या. बागांतला चिनी इक्झोरा शेजारी ठेवला तर फरक पाकळीत सापडतो. त्याच्या पाकळीचं टोक गोलसर, आपल्याचं टोकदार.

आता भिंग घ्या आणि उमलायच्या बेतात असलेली कळी उभी चिरा. चारही परागकोश आतच फुटलेले असतात आणि सगळे पराग चक्क कुक्षीच्या बाहेरच्या अंगाला माखलेले! म्हणजे स्वपरागण? नाही. कुक्षीच्या दोन्ही पाळ्या अजून घट्ट मिटलेल्या असतात आणि पराग रुजण्याची जागा असते त्यांच्या आतल्या बाजूला. फूल उमलतं, पराग अंगावर घेऊन कुक्षी नळीबाहेर डोकावते. मध असतो तीन-चार सेंटिमीटर लांब, सुईसारख्या अरुंद नळीच्या तळाशी. तिथवर लांब सोंडेच्या फुलपाखरांचाच पाड लागतो. ती तोंडाला पराग लावून घेऊन जातात. पाळ्या उघडतात त्या नंतर, बाहेरून आलेल्या परागांसाठी. आधी देणं, मग घेणं. दोन्ही कामं एकाच दांड्यावर.

हेच झुडूप हौसेनं देशावर नेलं की मात्र गंमत होते. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे लक्षण लोहाच्या कमतरतेचं. काळ्या मातीत लोह नसतं असं थोडंच आहे? भरपूर असतं. पण चुनखडीमुळे माती विम्लधर्मी होते आणि तिथलं लोह पाण्यात विरघळेनासं होतं. मुळं लोखंडात उभी, तरी झाड उपाशी! जांभ्याची माती आम्लधर्मी, म्हणून तिथे हा प्रश्नच येत नाही.

म्हणून चुनखडीच्या भागात पेंडगूळ कुंडीतच लावावं. लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि पाण्याचा चांगला निचरा हवा. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर पावसाचं साठवलेलं द्यावं. सिमेंटच्या नव्या भिंतीलगत लावू नये, चुना तिथूनही झिरपतो. पानं पिवळी पडलीच तर चिलेटेड लोह द्यावं. युरिया टाकून ही भूक भागत नाही. पावसाळ्यात अर्धवट जून फांदीचे तुकडे लावले तर मुळं धरतात. ऊन भरपूर हवं. गुच्छ फांदीच्या शेंड्यालाच धरतो, तेव्हा कात्री बहर ओसरल्यावरच चालवावी. कुंपण चौकोनी दिसावं म्हणून सतत कापत राहिलात, तर फुलांआधी कळ्याच कापल्या जातील.