गृहत्यागाची कथा आणि पालि ग्रंथांतील थर

प्रस्तावना

सिद्धार्थ गौतमाने गृहत्याग का केला, या प्रश्नाचे उत्तर सर्वसामान्य वाचकास ठाऊक असते. रथातून जाताना त्याने एक वृद्ध, एक रोगी, एक प्रेत आणि एक संन्यासी पाहिला. विरक्त होऊन मध्यरात्री निद्रिस्त पत्नी व पुत्र यांना सोडून, छन्न सारथी व कंथक अश्व यांच्यासह तो निघून गेला. शिल्प, चित्र आणि काव्य यांनी ही कथा घरोघरी पोहोचविली. तथापि पालि तिपिटकाचा अभ्यास करणाऱ्यास ती ज्या स्वरूपात प्रचलित आहे त्या स्वरूपात चार प्रमुख निकायांत आढळत नाही. ती कोठून आली व तिच्या जागी मूळात काय होते, याचा शोध हे पालि संशोधनाच्या पद्धतीचे एक बोलके उदाहरण आहे.

निकायांतील साक्ष

मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात (क्रमांक 26) बुद्ध स्वतःच्या गृहत्यागाविषयी बोलतात. तेथील निवेदन अत्यंत त्रोटक आहे. आपण तरुण होतो, केस काळेभोर होते. आईवडिलांची इच्छा नसताना, ते अश्रू ढाळीत असताना आपण केस व दाढी काढून काषाय वस्त्रे धारण केली, एवढाच त्याचा आशय. येथे रात्र नाही, पलायन नाही, छन्न नाही, पत्नी व पुत्र यांचा उल्लेखही नाही. उलट घरच्यांसमक्ष, त्यांचा विरोध सोसून घर सोडले असा स्पष्ट अर्थ निघतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस चिनी भाषेत अनुवादिलेल्या मध्यमागमातील समांतर सूत्रातही (क्रमांक 204) आईवडिलांचे रडणे आहे. निरनिराळ्या संप्रदायांनी स्वतंत्रपणे जतन केलेल्या दोन परंपरांत जे समान आढळते, ते त्यांच्या विभक्त होण्यापूर्वीचे असण्याचा संभव अधिक, हे या क्षेत्रातील प्रमुख गमक होय.

मात्र येथेही सावधगिरी हवी. मज्झिमनिकायातील अच्छरियब्भुतसुत्तानुसार बोधिसत्त्वाची माता जन्मानंतर सात दिवसांनी निवर्तली. मग रडणारी आई कोण? महाप्रजापती गौतमी, असे उत्तर देता येते. परंतु हेच शब्द दीघनिकायातील सोणदण्डसुत्तात ब्राह्मणाच्या तोंडीही आहेत. म्हणजे ते एक ठरीव वाक्य आहे. मौखिक परंपरेत अशी वाक्ये एका सुत्तातून दुसऱ्या सुत्तात सहज जातात. म्हणून वाक्य प्राचीन असले तरी त्यातील प्रत्येक तपशिलाला इतिहास मानणे योग्य ठरत नाही.

चार दृश्यांची कथा निकायांत आहे, पण ती दुसऱ्याची. दीघनिकायातील महापदानसुत्तात ती विपस्सी या पूर्वबुद्धाविषयी सांगितली आहे. अंगुत्तरनिकायातील सुखुमालसुत्तात गौतमाचे तीन प्रासाद व जरा, व्याधी, मरण यांवरील त्याचे चिंतन येते. पण ते चिंतनच आहे, रस्त्यावरील दृश्य नव्हे. बहुधा या चिंतनालाच पुढे दृश्यरूप मिळाले असावे. खुद्दकनिकायातील बुद्धवंस या तुलनेने उत्तरकालीन ग्रंथात चार निमित्ते गौतमाच्या नावावर आढळतात, आणि इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमाराची जातकांची निदानकथा सर्व तपशील एकत्र गुंफते. निद्रिस्त स्त्रियांच्या अस्ताव्यस्त देहांचे दृश्य विनयपिटकाच्या महावग्गात आहे. तेथे ते वाराणसीच्या यश नावाच्या श्रेष्ठिपुत्राला दिसते. शिष्याच्या चरित्रातील प्रसंग गुरूच्या चरित्रात आला, असे मानण्यास येथे चांगला आधार आहे.

अत्तदण्डसुत्ताचा प्रश्न

मराठी वाचकांपुढे ही चिकित्सा प्रथम समर्थपणे मांडली ती धर्मानंद कोसंबी (1876-1947) यांनी. ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात त्यांनी गृहत्यागाच्या कारणासाठी सुत्तनिपातातील अत्तदण्डसुत्ताकडे लक्ष वेधले. शस्त्रधारणातून भय उत्पन्न झाले, आणि आटत्या पाण्यात तडफडणाऱ्या माशांसारखी परस्परांना विरोध करणारी प्रजा पाहून आपले मन उद्विग्न झाले, असे तेथे बुद्ध म्हणतात. वार्धक्य नव्हे, तर कलह पाहून आलेला हा संवेग आहे. कोसंबींनी त्याचा संबंध शाक्य-कोलियांच्या भांडणाशी जोडला.

हे सुत्त अट्ठकवग्गात येते, ही बाब महत्त्वाची आहे. अट्ठकवग्गावरील टीका, म्हणजे महानिद्देस, तिपिटकातच समाविष्ट आहे. त्यामुळे मूळ वग्ग त्याहून जुना ठरतो. उदान व महावग्ग यांत सोण कुटिकण्ण हा भिक्षू बुद्धासमोर तो म्हणून दाखवितो. तिसऱ्या शतकात चिनी भाषेत झालेला अर्थपदसूत्र हा त्याचाच अवतार. त्याचा इंग्रजी अनुवाद कोसंबींचे शिष्य पु. वि. बापट यांनी केला व तो 1951 मध्ये शांतिनिकेतनातून प्रसिद्ध झाला. सुत्तनिपाताची देवनागरी आवृत्तीही त्यांनी 1924 मध्येच सिद्ध केली होती.

चिनी अनुवादाची तुलना येथे निर्णायक साहाय्य करते. गाथा दोन्हीकडे जुळतात; त्यांच्यामागील प्रसंग मात्र भिन्न आहे. पालि अट्ठकथेनुसार या गाथा रोहिणीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय सज्ज झाले तेव्हा सांगितल्या गेल्या. अर्थपदसूत्रात त्या विरूढक राजाने केलेल्या शाक्यांच्या संहाराशी जोडल्या आहेत. दोन्ही प्रसंग बुद्धत्वप्राप्तीनंतरचे आहेत. म्हणजे गाथा स्थिर राहिल्या आणि चौकट बदलत गेली. साहजिकच रोहिणीचे पाणी हे गृहत्यागाचे कारण होते, असे कोणतेही पालि सुत्त सांगत नाही. तो कोसंबींचा अनुमानजन्य निष्कर्ष आहे. गाथांतील उद्वेग मात्र अनुमान नव्हे, तो पाठातच आहे, आणि कोसंबींच्या मांडणीचे खरे बळ तेथेच आहे.

1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हाच प्रश्न आरंभी उपस्थित केला. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोवर वृद्ध, रोगी वा मृत मनुष्य पाहिलाच नव्हता, हे बुद्धीला पटत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या मांडणीत सिद्धार्थ शाक्य संघात युद्धास विरोध करतो व त्याची परिणती परिव्रज्येत होते. या कथनाला पाठचिकित्सेच्या कसोटीवर इतिहास म्हणून सिद्ध करू पाहणे, किंवा पालि आधार नाही म्हणून ते निकालात काढणे, या दोन्ही गोष्टी प्रश्नाचे स्वरूप चुकवितात. डॉ. आंबेडकर हे आपल्या अनुयायांसाठी धम्मग्रंथ रचीत होते. निदानकथेच्या कर्त्यानेही आपल्या काळी तेच केले होते. फरक एवढाच की निदानकथाकाराने निवडीची कारणे सांगितली नाहीत, आंबेडकरांनी ती प्रास्ताविकातच उघड मांडली.

अरियपरियेसनसुत्तातील रडणारे आईवडील मात्र या दोन्ही कथनांपेक्षा जुने आहेत. विद्यार्थ्यांच्या पाठ्यपुस्तकांत रात्रीच्या पलायनाचे चित्र येते तेव्हा त्याशेजारी या सुत्तातील चार ओळींचा आशयही देण्यास हरकत नसावी.